मुलांना उपासनेतून बाहेर नेऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील काही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारच्या उपासनेचे पहिले गीत संपले की लहान मुलांना शब्बाथ शाळेसाठी, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गासाठी, दुसऱ्या खोलीत नेले जाते. त्यामागचा हेतू चांगला आहे, याविषयी शंका नाही. मात्र यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाने संपूर्ण उपासना क्वचितच पाहिलेली असते, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी आईवडील काय करतात हे त्याला ठाऊक नसते, आणि पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या, वर्गात नाव घातल्यावर त्याला एकाएकी बाकावर बसवले, की ते आपल्याच मंडळीत परके होऊन बसते.

शब्बाथ शाळा मुळात अशी नव्हती. 1780 साली इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी कामकरी मुलांसाठी ती सुरू केली, तेव्हा धडे आटोपल्यावर मुलांना चर्चमध्ये उपासनेला नेले जात असे. शाळा ही उपासनेची तयारी होती. पुढे केवळ सोयीसाठी दोन्ही एकाच तासात आल्या. कॅथलिक चर्चने 1973 साली मुलांसह होणाऱ्या मिस्साविषयी (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेविषयी) जी मार्गदर्शिका काढली, तीत शास्त्रवाचन आणि उपदेश कधी मुलांसाठी वेगळ्या जागी करण्याची मुभा आहे खरी, पण पवित्र भोजनाचा विधी सुरू होण्यापूर्वी मुलांनी मोठ्यांमध्ये परत यावे, असेही तीत सांगितले आहे.

मुलांना काही समजत नाही आणि ती गोंगाट करतात, हा नेहमीचा आक्षेप. मंदिरात होसान्ना म्हणून ओरडणाऱ्या मुलांवर मुख्य याजक संतापले, तेव्हा प्रभू येशूने मुलांचीच बाजू घेतली, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात आपण वाचतोच. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात तर नियमशास्त्र ऐकण्यासाठी पुरुष आणि स्त्रियांबरोबर बालकांनाही जमवण्याची आज्ञा आहे. आधी समजावे आणि मग यावे, असे तेथे म्हटलेले नाही.

मुंबईपुरती आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपली बहुतेक मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी, ज्यांचा बाप्तिस्मा याच शहरात 1895 साली झाला, मराठी मंडळीला अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर गाता येईल अशी गीते दिली. ‘फुलांमुलांचा कवी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाची गीते मुलांच्या कानावर पडण्याची हक्काची जागा म्हणजे रविवारची उपासना. आजीच्या हातातील गीतपुस्तकात बोट ठेवून, जोडाक्षरांवर अडखळत का होईना, नातू तिच्याबरोबर गातो, तेव्हा त्याला भाषा आणि श्रद्धा दोन्ही एकदमच मिळतात. शेजारच्या खोलीत रंगीत चित्रे मिळतील, पण आजी मिळणार नाही.

तान्ह्या मुलांच्या आयांचाही विचार व्हायला हवा. गिरगाव-भायखळ्याची जुनी चर्च तेथेच राहिली आणि कुटुंबे डोंबिवली-विरारला गेली. मेगाब्लॉकच्या दिवशी लोकलमध्ये उभी राहून आलेली आई मूल जरा कुरकुरले की लोकांच्या वळणाऱ्या नजरांमुळे उठते, आणि उरलेली उपासना व्हरांड्यात येरझारा घालत ऐकते. वडील बहुधा जागचे हलत नाहीत.

माझी पाळकसाहेबांना आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिट्यांना कळकळीची विनंती आहे, की शब्बाथ शाळा उपासनेच्या आधी अर्धा-पाऊण तास भरवावी आणि नंतर मुलांना आईवडिलांजवळ बसवावे. एखादा शास्त्रपाठ दहा वर्षांच्या मुलाने वाचावा, अर्पणाची थाळी मुलांनी फिरवावी, आणि उपदेशातील पाच मिनिटे पाळकांनी थेट त्यांच्याशी बोलावे. यासाठी वेगळा खर्च नाही, मंडळीच्या घटनेत दुरुस्तीही नाही. कमिटीच्या पुढच्याच बैठकीत हा विषय घेता येईल.

आपला विश्वासू,
एक मंडळी-सभासद, परळ, मुंबई