वेबसाइटसाठी फोटो : रविवारी रात्री ९ पर्यंत

मंडळी, पावसाळी भटकंतीचे फोटो वेबसाइटवर चढवायचे आहेत. प्रत्येकी जास्तीत जास्त ५, गटाच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये टाका. मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवरच काम करा.

– लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग, क्वालिटी ८०. डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके) ७२ की ३०० यावर डोकं खपवू नका, स्क्रीनला त्याने फरक पडत नाही.
– कलर स्पेस (फाइलमधल्या रंगांची व्याप्ती) एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीची नेहमीची. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या कलर स्पेसमध्ये राहिलेली हिरवळ बऱ्याच ठिकाणी मळकट दिसते.
– शार्पनिंग (कडा ठळक करणं) आकार लहान केल्यावर, तेही हलकं. जास्त झालं की कड्याच्या कडेने पांढरी रेघ उमटते.
– फाइलमधली लोकेशनची नोंद काढून टाका, घरट्यांच्या फोटोंतून तर नक्कीच.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले घेणार नाही. तिथे फाइल दाबून लहान केली जाते आणि दर्जा घटतो.