माटुंग्यात एकट्याने जेवताना

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, मेसला सुट्टी असली की बाहेर एकट्याने जेवायला कसंसंच वाटतं, म्हणून वडापाव खाऊन झोपतोस. अरे, माटुंग्यात राहून हे? तिथली जुनी हॉटेलं एकट्याने जेवणाऱ्यांच्या जिवावरच तर उभी राहिली.

1896 च्या प्लेगनंतर शहरातली दाटी कमी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचं उपनगर आखलं. तू सकाळी धावायला जातोस ती फाइव्ह गार्डन्स त्याच आखणीतली. पुढे तिथे मद्रासकडचे टायपिस्ट, स्टेनो, कारकून राहायला आले. त्यांत सडे पुष्कळ, आणि लग्न झालेल्यांचीही बायकापोरं गावाकडे. भाड्याच्या खोलीत चूल मांडायची सोय नाही, आणि भाताशिवाय पोट भरत नाही. ही अडचण उडुपीकडच्या माणसांनी बरोबर हेरली. गोपाळकृष्ण कामतांनी 1940 साली कॅफे मद्रास काढलं. दोनच वर्षांनी ए. रामा नायकांनी उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही खाणावळ सुरू केली. नायक स्वतः पोरवयात मुंबईला आलेले, दुसऱ्यांच्या हॉटेलांत राबून शिकलेले. घर सोडून आलेल्याला काय जेवावंसं वाटतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आणि वेळ तरी कसली निवडली! महायुद्ध चालू, 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. भातावर चालणारा धंदा आणि तांदूळ मोजूनमापून. त्या काळात हिशेब कसा जुळवला असेल, याचंच मला राहून राहून नवल वाटतं.

कामत, नायक ही आडनावं ओळखीची वाटली ना? पोर्तुगीज अमलात गोवा सोडून दक्षिणेच्या किनाऱ्याला गेलेल्या सारस्वतांत ती सर्रास सापडतात. सांबार कितीही दक्षिणेचं असो, मालकांच्या घरात बोली कोकणीच. तुझ्या आजीला हे कळलं आणि रसमबद्दलची तिची कुरकुर एकदम थांबली.

दोन्ही हॉटेलं अजून घरचीच माणसं चालवतात. मला विचारशील तर डोसा खायला कॅफे मद्रास, पण जेवायला बोर्डिंगच. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाबाहेर मार्केटची इमारत आहे, तिचा जिना चढून वर जा. आधी कूपन घे. केळीच्या पानावर भाज्या, सांबार, सारू म्हणजे रसम, पापड, दही. वाढपी भात घेऊन फिरत असतात, संकोच करू नकोस. शेजारी अनोळखी माणूस बसेल. त्याच्याशी बोललंच पाहिजे असं नाही, तिथे सगळ्यांचं लक्ष पानात असतं.

रविवारी दुपारी मात्र रांग लांब असते, लवकर नीघ. कूपनाचे पैसे मी पाठवले आहेत. त्यातून वडापाव खाऊ नकोस.

तुझे,
बाबा