नियम केवळ बसप्रवाशांसाठीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बसप्रवाशांनी घ्यावयाच्या काळजीविषयी आपल्या कालच्या अंकात आलेला लेख वाचला. दांडी घट्ट धरावी, पायरीवर उभे राहू नये, बस पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नये, या सूचना योग्यच आहेत. परंतु एवढ्या मोठ्या लेखात बसच्या आजूबाजूने वाहन हाकणाऱ्यांसाठी एकही ओळ नसावी, याचा मला मनस्वी राग आला.

माझ्या आत्याने यांतली प्रत्येक सूचना पाळली होती. थांबा जवळ आला म्हणून ती आसनावरून उठली होती आणि दांडी धरूनच दाराकडे सरकत होती. तेवढ्यात एक मोटार बसला मागे टाकून थेट पुढ्यात शिरली आणि वळण्यासाठी तिने तिथेच वेग कमी केला. बसचालकाने करकचून ब्रेक दाबला म्हणून मोटारीतली माणसे वाचली, पण आत्याचा हात दांडीवरून सुटला, ती पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. मोटार न थांबता निघून गेली. आम्ही तक्रार नोंदवायला गेलो, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘धडक कुठे झाली?’ धडक झालीच नव्हती, त्यामुळे त्यांच्या लेखी अपघातही झाला नव्हता. ‘तोल जाऊन प्रवासी पडली’ एवढीच नोंद झाली, म्हणजे दोष पुन्हा तिच्याच पदरी आला.

बसपुढची मोकळी जागा ही रिकामी जागा नसते, हे त्या मोटारचालकाला कोणी शिकवले नसावे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. धोका दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर सहज जातो, आणि एअर ब्रेक असलेल्या मोठ्या बसमध्ये हवेचा दाब चाकांपर्यंत पोहोचायला सुमारे अर्धा सेकंद आणखी लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच बस १५ मीटर, १२ मीटर लांबीच्या स्वतःच्या अंगापेक्षाही जास्त, पुढे गेलेली असते. चालक हे अंतर राखतो ते आत उभ्या असलेल्या माणसांसाठी, आणि तेच अंतर घुसखोर बळकावतो.

थांब्यावरही तेच. पदपथ आणि बस यांच्यामधल्या फटीतून दुचाकी काढणाऱ्यांना उतरणारा प्रवासी दिसत नाही आणि चालकाला आरशात ते स्वतः नीट दिसत नाहीत. बस वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, तेव्हा ती फट आणखी अरुंद होते.

याला नियम नाहीत असे नाही. रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८च्या व्हिएन्ना करारातील १५व्या कलमात अशी शिफारस आहे की, वस्तीच्या भागात बस थांब्यावरून निघत असेल तर इतरांनी वेग कमी करावा, गरज पडल्यास थांबावे आणि तिला निघू द्यावे. त्याच वेळी इंडिकेटर देऊन खबरदारी घेण्याची जबाबदारी बसचालकावरही टाकली आहे. जर्मनीत धोक्याचे दिवे लावून थांब्याकडे येणाऱ्या बसला ओलांडण्यास मनाई आहे, आणि ती थांब्यावर उभी असताना समोरून येणाऱ्या वाहनांनीसुद्धा माणसाच्या चालीच्या वेगानेच जायचे असते. हे आपल्या लेखात आले असते तर अनेक वाहनचालकांनी ते प्रथमच वाचले असते.

आणखी एक गोष्ट खटकली. लेखात पायरीवर उभे राहू नका असे सांगितले आहे, आणि शेजारी छापलेल्या छायाचित्रात दारात लटकलेला तरुण हसताना दिसतो. वाचकाच्या मनात सूचनेआधी छायाचित्रच राहते, हे वृत्तपत्राला सांगावे लागू नये.

धडक न होता बसमध्ये झालेल्या दुखापतीचीही अपघात म्हणूनच नोंद व्हावी, तिच्या कारणात पुढ्यात शिरलेल्या वाहनाचा उल्लेख असावा, आणि वाहन परवान्याच्या परीक्षेत बसजवळून वाहन कसे न्यावे हे विचारले जावे, अशी माझी मागणी आहे. आपण याच जागेवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, वाहनचालकांसाठी दुसरा लेख छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक