'लागत नाही' एवढंच लिहून द्या : पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आपल्या कामाच्या व्यापातून थोडा वेळ मागते आहे. मी रबाळ्याला, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, भाड्याच्या गाळ्यात कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आवळ्याचं सिरप करते. दिघा आणि ऐरोलीकडच्या सहा बायका माझ्याकडे कामाला आहेत. केंद्राच्या 'उद्यम' या छोट्या उद्योगांच्या नोंदणीत आमचा उद्योग 'सूक्ष्म' म्हणून लागलाय, आणि अनुभवाने सांगते, सरकारला आम्ही तेवढेच दिसतो.

गेल्या आठवड्यात माझा माल परत आला. ठाण्यातलं एक मोठं साखळी दुकान तीन उन्हाळे आमचं सरबत घेत होतं. या वेळी माल त्यांच्या गोडाऊनच्या दारातून आत गेलाच नाही. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा वेंडर कोड बंद झालाय. ईपीआर नंबर नाही." टेम्पोवाल्याने जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं घेतलं. त्याचं काही चुकलं नाही. ऐन एप्रिलात हे झालं. कोकमवाल्याचा धंदा मार्च ते मे, पाऊस पडला की सरबताकडे कुत्रंही बघत नाही.

ईपीआर म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी, हे आपल्याला मी सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून लिहिते. जो प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकतो, त्याने तेवढं प्लास्टिक परत गोळा होऊन त्यावर प्रक्रिया होईल याची जबाबदारी घ्यायची. तत्त्व चांगलंच आहे. 2016 चे प्लास्टिक कचरा नियम आहेत, त्यात 16 फेब्रुवारी 2022 ला केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं घातली, आणि त्यात ब्रँडवाल्यांवर बंधन घालताना सूक्ष्म आणि लघु उद्योग वगळले. माझ्या सीएने ते कलम मला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे मला नोंदणी लागत नाही.

दुकानवाले म्हणतात, ठीक आहे, लागत नाही असं कोणाकडून तरी लिहून आणा.

आता हे लिहून देणारा माणूस शोधणं आलं. गेल्या वर्षी छोट्या उत्पादकांसाठी एक कार्यशाळा झाली होती. हॉल गार होता, बॅनरवर हिरवं पान होतं, व्यासपीठावर प्रत्येक पाहुण्यासमोर पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली, एकेक घोट घेऊन ठेवून दिलेली. प्लास्टिक कचऱ्यावरचीच कार्यशाळा होती ती. मी उठून हाच प्रश्न विचारला. एक मोठे साहेब होते, नाव घेत नाही, कार्यालयही सांगत नाही. म्हणाले, "ताई, छोट्यांनी अजिबात घाबरायचं नाही. महिन्याभरात आपण एक पानाचा दाखला काढतो. उद्यम नंबर टाकला की प्रिंट." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर उन्हाळा संपला, पाऊस झाला, दिवाळी झाली, पुन्हा उन्हाळा आला. फोन केला की उत्तर मिळतं, "फाइल वर आहे." वर कुठे, हे विचारलं की फोन ठेवतात.

एक पान, मंत्रीसाहेब. एक पान काढायला तुमच्या यंत्रणेला वर्ष पुरत नाही, आणि आम्ही मात्र एकेका बाटलीचा हिशेब द्यायचा.

बरं, वगळलंय म्हणजे खिशाला झळ नाही, असंही नाही. आम्ही पेट नावाच्या प्लास्टिकच्या बाटल्या भिवंडीकडून घेतो. बाटलीवाल्यावर बंधन आलं तेव्हा त्याने बिलात वेगळी ओळ टाकली. मार्च 2024 मध्ये नियम पुन्हा बदलले, छोट्या बाटलीवाल्याचं ओझं कच्चा माल विकणाऱ्यावर गेलं. आम्हाला वाटलं आता तरी ती ओळ जाईल. ओळ गेली, बाटलीचा दर वाढला. कारण विचारलं तर म्हणे, "प्लास्टिकचा दाणाच महाग येतो, मावशी." कायद्याने सूट मला, आणि पैसे भरते मीच.

कंटाळून एकदा ठरवलं, जाऊ दे, लागत नसली तरी नोंदणी करून टाकू, कोणाच्या दाढीला हात लावायला नको. तर शुल्काचा तक्ता पाहिला. वर्षाला 1000 टनांच्या आत प्लास्टिक वापरत असाल तर 10 हजार रुपये. मी वर्षाला दीड-दोन टन वापरते, तेसुद्धा हंगाम चांगला गेला तर. मला 10 हजार आणि 999 टनवाल्यालाही 10 हजार! हा तक्ता ज्याने केला त्याने आयुष्यात कधी गाळ्याचं भाडं भरलेलं नसणार. त्यापुढे पोर्टल, ओटीपी, वार्षिक विवरण, आणि हे सगळं भरून देणारा सल्लागार. सल्लागाराची फी शुल्कापेक्षा जास्त. या देशात प्रत्येक नव्या नियमातून कचरा किती कमी होतो माहीत नाही, सल्लागार मात्र वाढतात.

आता आमच्याकडे बाटलीचं खरं काय होतं ते सांगते, कारण ते कुठल्याच फॉर्ममध्ये भरायला रकाना नाही. आगळ आम्ही काचेच्या बाटलीतच देतो. रिकामी बाटली परत आणली की पुढच्या खरेदीत पाच रुपये कमी. ही योजना मी कुठल्या कार्यशाळेत शिकले नाही, आमच्या कुडाळला सोड्याच्या बाटलीला हेच होतं. ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून वाशीपर्यंतचे दुकानदार क्रेट भरून बाटल्या जमा करतात. बाटली आली की पहिलं काम म्हणजे तिचा वास घ्यायचा. लोक रिकाम्या बाटलीत काय भरतील नेम नाही. फिनेल, रॉकेल, देवाचं तेल, एकदा तर चक्क टर्पेंटाइन. आमच्या एक बाई आहेत, त्या बूच काढून नाकाशी नेतात आणि क्षणात सांगतात, ही घ्या, ही टाका. मग गरम पाणी, कॉस्टिक सोडा, लांब दांड्याचा ब्रश, तीन पाण्यांत खळबळून काढणं, उलटी करून निथळवणं आणि शेवटी ट्यूबलाइटसमोर धरून तळ बघणं. तळाला केसाएवढी रेघ दिसली तरी ती बाटली बाद. कॉस्टिकने हातांची सालं निघतात, हातमोजे घातले तर बाटली निसटते. माझी उजव्या हाताची दोन बोटं आता थंडीत वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात पाण्यात हात घालू नका. मी म्हटलं, मग काय, पोर्टलमध्ये घालू?

या बाटल्या चार-चार, पाच-पाच वेळा फिरतात. वितळवायला भट्टी नको, ट्रक नको, प्रमाणपत्र नको. पण दुकानाच्या तक्त्यात याची किंमत शून्य. तिथे बाटली परत आली का हे कोणी विचारत नाही, बाटलीचा कागद आला का हे विचारतात.

आणि कागदांचं काय झालं तेही सगळ्यांनी वाचलंय. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत सुमारे 6 लाख बोगस प्रमाणपत्रं सापडली. गुजरात, कर्नाटक आणि आपला महाराष्ट्र. ज्या प्लास्टिकवर प्रक्रियाच झाली नाही त्याचे दाखले! मोठ्या कंपन्यांनी हे दाखले विकत घ्यायचे, पानभर जाहिरात द्यायची, आणि माझ्यासारखीने खरी बाटली खऱ्या हाताने धुऊन दारात परत जायचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने म्हणे पाहणीत काढलं होतं की आपल्याकडे पेटच्या 90 टक्क्यांच्या आसपास बाटल्या गोळा होऊन पुन्हा वापरात येतात. एवढं काम कोण करतं? तुर्भ्याला, मुंब्र्याला, दिव्याला पाठीवर गोण्या घेऊन फिरणाऱ्या बायका. त्यांना कोण प्रमाणपत्र देतं? वर त्या भंगारावरचा जीएसटी 2021 मध्ये 5 वरून 18 टक्के केला. गोणीवाली बिल देत नाही, पण भंगारवाला ते तिच्याच भावातून कापतो.

मला 2018 आठवतं. 23 मार्चची प्लास्टिकबंदीची अधिसूचना. त्यात बाटलीवर परतीची किंमत छापायची होती, दुधाच्या पिशवीला 50 पैसे. ठिकठिकाणी संकलन केंद्रं होणार होती. आम्ही भोळेपणाने नवी लेबलं छापून घेतली, जुने रोल रद्दीत गेले. थोड्याच दिवसांत बाटल्यांचं ते कलम ढिलं झालं. महाराष्ट्रात अशी एक गृहिणी दाखवा जिने दुधाची पिशवी परत देऊन 50 पैसे घेतले. माझ्याकडून पाच बाटल्या आगळ बक्षीस.

आता पुन्हा अनामत योजनेचे, म्हणजे बाटलीवर आधी पैसे घ्यायचे आणि ती परत आली की द्यायचे, असे वारे आहेत. केदारनाथला 2022 पासून बाटलीला क्यूआर कोड आणि 10 रुपये अनामत. नीलगिरीत दारूच्या बाटलीला 10 रुपये, केरळात 20. गोव्याने 2024 मध्ये आपली योजना अधिसूचित केली. कल्पनेला माझा विरोध नाही, मी स्वतः वर्षानुवर्षं तेच करते आहे. पण उद्या आपल्याकडे प्रत्येक बाटलीवर वेगळा कोड आला तर तो छापणारं मशीन कोण देणार? आमची बाटली बर्फाच्या पेटीत राहते, तिचं साधं लेबल टिकताना मारामार. अनामतीचे पैसे आम्ही आधी भरायचे आणि बाटली परत आल्यावर मिळणार असतील, तर तेवढं भांडवल हंगामात अडकवायचं कुठून? सरकारकडून परतावा कधी मिळतो हे जीएसटीने आम्हाला शिकवलंय.

स्कॉटलंडचं उदाहरण बघा. तिथे बाटलीमागे 20 पेन्सची अनामत ऑगस्ट 2023 पासून लागणार होती. छोट्या बिअरवाल्यांनी आरडाओरडा केला की लेबलं, नोंदणी, परतीचा खर्च, आम्ही मरू. सरकारने ऐकलं. वर्षाला 5000 नगांपेक्षा कमी विकला जाणारा माल वगळायचं जाहीर केलं. पुढे लंडनच्या केंद्र सरकारशी काचेच्या बाटल्यांवरून वाद झाला, योजनाच लांबली, आता 2027 च्या ऑक्टोबरची बोली आहे. तिथेही घोळच झाला, मान्य. पण छोट्या माणसाचं म्हणणं मंत्र्याच्या तोंडून आकडा होऊन बाहेर आलं. आमच्याकडे आकडा येतो तो दंडाचा.

मोठ्यांना हे नियम परवडतात, म्हणूनच ते नियमांवर खूश असतात. पुनर्वापराचं प्लास्टिक बाटलीत 2025-26 पासून 30 टक्के घालायचं, पुढे 60 पर्यंत न्यायचं. खाण्याच्या मालाला चालेल असा तो दाणा आधीच महाग, त्यात मोठ्यांनी आगाऊ सांगून ठेवलेला. उरलासुरला आमच्या बाटलीवाल्याला. कोणी मुद्दाम आम्हाला मारायला बसलंय असं मी म्हणत नाही. मुद्दाम मारायला आधी आम्ही दिसायला हवेत.

आणि हे फक्त बाटलीचं नाही हो. खाद्य परवाना वेगळा, वजनमापाचा वेगळा, दुकाने-आस्थापना वेगळं, आगीचा दाखला वेगळा. कशाचं ना कशाचं नूतनीकरण चालूच, दरवर्षी कोणीतरी "बघून" जाणारा. त्याला सरबत पाजायचं, जाताना दोन बाटल्या द्यायच्या. त्या बाटल्या तेवढ्या कधीच परत येत नाहीत. गाळ्यासमोरचा रस्ता कोणाचा यावर दोन कार्यालयांचं अजून ठरलेलं नाही, कर मात्र दोघांनाही वेळेवर हवा. माझ्या यजमानांची कंपनी याच पट्ट्यात होती, बंद पडली, आज तिथे काचेची बिल्डिंग आणि कॉल सेंटर आहे. छोटे कारखाने जातात आणि भाषणात 'आत्मनिर्भर' वाढतं. मुलगा म्हणतो, आई, सोड हे, गाळा परत दे. सहा घरांचं काय करू, ते तो सांगत नाही.

मागणं फार नाही. सूक्ष्म उद्योगाला ईपीआर नोंदणी लागत नाही, असं एक पान उद्यम क्रमांकावर निघू द्या, आणि ते दुकानांवर बंधनकारक करा. नोंदणी शुल्क टनाच्या हिशेबात लावायला केंद्राला लिहा. आणि अनामत योजना आणायचीच असेल तर आधी धुऊन पुन्हा भरणाऱ्यांना बोलवा, कोड छापणाऱ्या कंपन्यांना नंतर. काच, कागद आणि धातूच्या वेष्टनांनाही ईपीआर लावायचा मसुदा केंद्राने डिसेंबर 2024 मध्ये काढला आहे. तो लागू होताना माझ्या फिरत्या बाटलीला प्रत्येक फेरीला नवी बाटली म्हणून मोजू नका, एवढी कृपा.

जमलं तर स्वतः या. बाटल्या धुण्याचा आमचा वार गुरुवार. आपल्यालाही एक बाटली नाकाशी धरायला देऊ. आधी मात्र कळवू नका, म्हणजे जे आहे ते दिसेल. नाही, थांबा, कळवाच. मंत्री येणार म्हटल्यावर आदल्या रात्री गाळ्यासमोर डांबर तरी पडेल.

आपली,
एक कोकम सरबतवाली
रबाळे, नवी मुंबई