पट्टा बांधला, पुढे काय?

महोदय,

मनगटावर स्मार्टवॉच आले की तब्येत आपोआप सुधारते, हा समज एकदा तपासून घ्यायला हवा. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या 471 तरुणांवर दोन वर्षे केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचे मार्गदर्शन सगळ्यांनाच होते. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना अंगावर बांधायचा, हालचाल मोजणारा पट्टा दिला, बाकीच्यांनी आपली नोंद आपणच ठेवली. शेवटी पट्टेवाल्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोने उतरले, बिनपट्टेवाल्यांचे जवळजवळ सहा किलोने!

म्हणून ही उपकरणे टाकाऊ ठरत नाहीत. अनेक अभ्यासांचा 2022 मधला एकत्रित आढावा सांगतो, की ती वापरणारे दिवसाला सुमारे 1800 पावले जास्त चालतात. वजनात मात्र फरक जेमतेम किलोभराचा. दहा हजार पावलांचे लक्ष्य तर 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाच्या जाहिरातबाजीतून आले.

हृदयाची अनियमित लय टिपण्याचा उपयोग खरा आहे. खात्री करायला ईसीजी लागतोच. घड्याळ झोपेला जे गुण देते, त्यांचे तर विचारूच नका. घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधते, मेंदूच्या लहरी मोजत नाही. तरी चांगली झोप झालेला माणूस सकाळी पडद्यावर 62 गुण पाहून हिरमुसतो!

पावलांच्या आकड्यावर हप्त्यात सवलत देऊ पाहणाऱ्या विमा कंपन्यांनी आणि कर्मचाऱ्यांना पट्टे वाटणाऱ्या कार्यालयांनी निदान हे निष्कर्ष तरी वाचावेत.

– एक वाचक