डेडवुडचा अर्धाच खटला सांगू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या माउंट रशमोरच्या सहलीवरचा लेख वाचला. त्यात डेडवुड गाव एका वाक्यात उरकले आहे. मी कराडच्या दिवाणी न्यायालयात ३१ वर्षे नोकरी केली. या गावाची खरी गोष्ट एका खटल्याची आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघे एका ग्रुप टूरने तिथे गेलो होतो. साउथ डकोटात, ब्लॅक हिल्सच्या एका अरुंद घळीत हे गाव आहे. टूर मॅनेजरने पाऊण तास दिला. ‘इथे नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉकला पत्ते खेळताना गोळी घातली’ एवढे सांगून सगळ्यांना दुकानांत सोडले. ह्यांनी विचारले, “मारणाऱ्याचं पुढं काय झालं?” त्यांना सांगता आले नाही. निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेतच गेला.

यंदा जूनमध्ये मुलीबरोबर पुन्हा गेले. हे आता नाहीत. मुलीने मुख्य रस्त्यावरून सुटणाऱ्या बसची तिकिटे काढली. तासाभराची फेरी, माहिती सांगायला साठीच्या एक बाई. मुलगी हळूच मराठीत सांगत होती.

अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८ च्या तहाने हा सगळा डोंगराळ मुलूख लाकोटा या मूळ रहिवासी लोकांचा ठरला होता. १८७४ मध्ये अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या लष्करी मोहिमेला इथे सोने सापडले आणि १८७६ मध्ये हजारो माणसे बेकायदा घुसली. त्यांनी वसवले ते डेडवुड. २ ऑगस्ट १८७६ ला जॅक मॅकॉलने हिकॉकला पाठीमागून गोळी घातली. दुसऱ्या दिवशी खाणवाल्यांनी नाटकगृहात कोर्ट भरवले, आपल्यातलेच पंच नेमले आणि मॅकॉल निर्दोष सुटला. पुढे त्याला पकडून डकोटा प्रदेशाच्या तेव्हाच्या राजधानीत, यांक्टनला, पुन्हा खटला चालवला. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा? उत्तर असे, की डेडवुड वसले ती जमीन लाकोटांची, तिथे कोर्ट भरवण्याचा अधिकारच कुणाला नव्हता, म्हणून पहिला निकाल रद्दबातल. १ मार्च १८७७ ला मॅकॉलला फाशी झाली. ह्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला असे सहा वर्षांनी मिळाले.

अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दावे परत जाताना मी रोज पाहिले आहेत. पण मुलीच्या घरी आल्यावर तारखा पडताळल्या, तेव्हा अंगावर काटा आला. फाशीच्या आदल्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १८७७ ला, अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ब्लॅक हिल्स लाकोटांकडून काढून घेतल्या. मॅकॉलला फासावर चढवण्यापुरती जमीन त्यांची होती!

१९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लाकोटांना भरपाई मान्य केली, व्याजासह दहा कोटी डॉलरच्या वर. ती त्यांनी आजवर उचललेली नाही. रक्कम वाढत वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि त्यांचे म्हणणे एकच, जमीन विकायची नाही. भूसंपादनात मोबदला वाढवून मागणारे मी शेकड्यांनी पाहिले. एवढा मोबदला पडून असताना त्याला हात न लावणारे लोक मला ठाऊक नव्हते.

बस शेवटी चढाने माउंट मोरिया दफनभूमीत जाते. हिकॉक आणि शेजारीच पुरलेली त्या काळची धाडसी म्हणून गाजलेली कॅलॅमिटी जेन यांच्या थडग्यांवर लोकांनी नाणी, पत्ते ठेवले होते. चौकटच्या गुलामाला पावसाने पोपडे आले होते. सगळे तिथेच फोटो काढत होते. बाईंनी आम्हाला चिनी लोकांच्या भागात नेले. सोन्यामागे तेही आले, त्यांनी इथे लाँड्र्या, दुकाने चालवली. तिथे थडगी फार थोडी दिसतात, कारण पुष्कळांच्या अस्थी नंतर उकरून मायदेशी पाठवल्या. मी तिथे चपला काढून उभी राहिले. एवढ्या लांबून अस्थी घरी नेणारी माणसे आपल्याला परकी कशी वाटतील?

गावात आता जागोजागी कॅसिनो आहेत. १९८९ मध्ये जुगाराला परवानगी मिळाली, त्याच्या करातून जुन्या इमारती राखल्या जातात. मला ते रुचले नाही, पण इमारती उभ्या आहेत हे खरे.

माझी विनंती आपल्या टूर कंपन्यांना आहे. लाखो रुपये भरून आयुष्यात एकदाच तिथे जाणाऱ्या माणसाला दुकानांसाठी पाऊण तास देता, त्याऐवजी ही बसफेरी कार्यक्रमात घाला. इंग्रजी न कळणाऱ्यांसाठी तुमच्या माणसाने ती मराठीत सांगावी, आणि लाकोटांचा तह वगळू नये. आपल्या पुरवणीनेही ही माहिती पुढच्या लेखात द्यावी.

जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी एवढेच, की टेकडीवर चढ खडा आहे. काठी बसमध्ये ठेवू नका.

– एक निवृत्त शिरस्तेदार, कराड