चंदेरी रंग काहीच झाकत नाही

तालुका हिंगणघाट, जि. वर्धा
१० जून २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मृगाच्या दोन सरी पडून गेल्या, पण पेरणीजोगी ओल अजून झालेली नाही, त्यामुळे दोन दिवस हात मोकळे आहेत आणि तुला हे पत्र लिहायला बसलो आहे. तू दसऱ्याला पाठवलेल्या सुट्या भागांच्या संचातले मिग-२१ या लढाऊ विमानाचे छोटे प्रतिरूप अखेर स्वतःच्या तीन चाकांवर उभे राहिले. फोनवर तू चार वेळा चौकशी केलीस आणि दर वेळी मी ‘होते आहे’ एवढेच सांगितले. कारण मधल्या काळात काय काय झाले ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते.

गेल्या वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ चा निरोपाचा समारंभ झाला, तो मी वावरातल्या कडुलिंबाखाली बसून मोबाइलवर पाहिला होता. १९६३ साली ज्या चंदीगडला हवाई दलाच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ही विमाने पहिल्यांदा दाखल झाली, तिथूनच बासष्ट वर्षांनी त्यांनी शेवटची भरारी घेतली. त्याच संध्याकाळी तू फोन करून म्हणालास, की मामांनी टीव्हीसमोरून उठून न जेवताच अंथरूण धरले. आठवडाभरात तुझे पार्सल आले आणि हे विमान कोणासाठी करायचे आहे हे तुला सांगावे लागले नाही.

१:४८ प्रमाण निवडलेस ते योग्यच केलेस. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे आपल्याकडे तो पंधरा सेंटिमीटरला जेमतेम कमी भरतो. विमान तळहातावर मावते आणि तरीही वैमानिकाच्या खोबणीतले घड्याळांचे फलक डोळ्यांना दिसतात. १:७२ मध्ये हेच विमान दहा सेंटिमीटरचे झाले असते आणि माझ्या चाळिशीपुढे त्याचा निभाव लागला नसता.

मामांनी आपल्याला सातवीच्या सुटीत ओझरच्या विमान कारखान्यातून आणलेली ती ॲल्युमिनियमची रिव्हेट, पत्रे जोडायची खिळी, तुला आठवते का? माझी अजून माझ्याजवळ आहे. काम सुरू करण्याआधी मी तिचे डोके व्हर्नियरने मोजले. ते पाच मिलिमीटरला किंचित कमी भरले. त्याला ४८ ने भागले, तर प्रतिकृतीवर ते एक दशांश मिलिमीटरचे होते, म्हणजे सुईच्या टोकाने केलेल्या टिंबाहून लहान. बाजारातल्या काही संचांच्या पंखांवर रिव्हेटच्या नावाखाली जे खड्डे पाडलेले असतात, ते खऱ्या विमानावर वाटीएवढे झाले असते हे तेव्हा माझ्या लक्षात आले. तू पाठवलेल्या संचात ते फार नाजूक आहेत. रंग जाड बसला तर ते बुजतील, एवढीच धास्ती होती.

सुट्या भागांच्या चौकटी आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्या, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ त्यांवर राहतो आणि पुढे रंग धरत नाही. उजवा पंख टोकाकडे किंचित वाकलेला निघाला. तो गरम पाण्यात बुडवून, बोटांनी सरळ धरून लगेच माठातल्या पाण्यात घातला आणि तो सरळ झाला. भाग चौकटीपासून ओढून तोडायचा नाही, थोडे अंतर ठेवून कापायचा आणि उरलेला खुंट पात्याने तासायचा, हे तुला ठाऊकच आहे.

सगळ्यात आधी वैमानिकाची खोबण झाली. रशियन विमानांच्या आतला तो निळसर हिरवा रंग मला फोटोंवरून पकडता येईना. शेवटी आमच्या संत्र्याच्या झाडांच्या बुंध्यांना लावायला मोरचूद आणि चुना कालवला होता, तेव्हा त्या बादलीकडे पाहून सापडला. त्या निळ्यात हिरव्याचे दोन थेंब जास्त घातले, की जुळले. नाकाच्या शंकूमागच्या पोकळीत मासे धरायच्या गळाचे शिशाचे मणी बसवले, नाहीतर विमान शेपटीवर बसले असते. नाकावरची लांब पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजणारी, पहिल्याच आठवड्यात माझ्या बाहीला अडकून मोडली. तिच्या जागी गुरांच्या दवाखान्यातून मागून आणलेली इंजेक्शनची बारीक सुई बसवली आहे. ती प्लास्टिकच्या नळीपेक्षा कितीतरी खरी दिसते.

आता मुख्य गोष्ट. विमानाचे धड डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्या भागांत येते आणि ते जोडले की पाठीवरून व पोटावरून एक सांधा जातो. प्लास्टिक जोडायचे पातळ सिमेंट ब्रशने सांध्यावर टेकवले की ते आपोआप फटीत ओढले जाते आणि प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एक करते. मग दाब दिला की विरघळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी वर येतो. तो दोन दिवस तसाच वाळू द्यायचा आणि मग तासायचा. विमान हिरव्या-करड्या छलावरणात रंगवायचे असते, तर एवढ्यावर भागले असते. परंतु मी उघड्या धातूचे, चंदेरी मिग करायचे ठरवले होते, कारण मामांच्या हाताखालून कारखान्याबाहेर पडलेली विमाने तशीच होती. चंदेरी रंग काहीच झाकत नाही. सांध्यातली केसाएवढी चीर, पॉलिश पेपरचा एखादा ओरखडा, पुटीचा बसलेला खड्डा, जे काही खाली असेल ते प्रकाश पडताच उठून दिसते.

मी पुटी भरली, पाण्यासह ४०० चा पेपर, मग ६००, १०००, २००० असा घासत गेलो आणि कंदिलाच्या उजेडात पाहिले, तर सांधा दिसेनासा झाला होता. तेव्हा मामांचे वाक्य आठवले, की पत्रा डोळ्याने पाहायचा नसतो, बोटाने पाहायचा असतो. डोळे मिटून पाठीवरून अनामिका फिरवली आणि पंखांच्या मागे, शेपटीच्या मुळाशी, एक पायरी लागली. डोळ्यांना ती अजिबात दिसत नव्हती. त्या एका पायरीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या. घासताना पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या सांधरेषा जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी धरून सुईने पुन्हा कोरल्या. त्यांतली पोटावरची एक किंचित तिरकी गेली आहे. मामांना ती सापडेल.

जानेवारीच्या सुरुवातीला चकचकीत काळा थर मारला. धातूच्या रंगाखाली तो लागतोच, कारण तो जितका गुळगुळीत, तितका वरचा रंग धातूसारखा दिसतो. आणि इथे माझी चूक झाली. त्या वेळी आमचा कापूस अजून विकलेला नव्हता. तुला आमचे घर माहीत आहे, मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला असतो आणि दार उघडले तरी तंतू तरंगत बाहेर येतात. मी सपरीत कापड बांधून रंग मारला आणि निर्धास्त झालो. सकाळी पाहतो तो काळ्या पाठीवर तीन पांढरे तंतू अगदी आडवे चिकटून बसले होते आणि त्यांतला एक नेमका शेपटीवर, जिथे सपाट जागा सर्वांत मोठी. चिमट्याने ओढला तर त्याच्यासह रंगाची साल निघाली. सगळा थर अल्कोहोलने पुसून काढला आणि ठरवले, की कापूस घराबाहेर गेल्याशिवाय आता रंग फवारायची नळी हातात घ्यायची नाही. हिने तर त्या दिवशी मला जेवायला तीन वेळा हाक मारली.

कापूस फेब्रुवारीच्या मध्यात हिंगणघाटच्या बाजार समितीत गेला. खोली दोनदा धुतली, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, आणि मार्चमध्ये काळा थर पुन्हा दिला. तो आरशासारखा बसला. पण चंदेरी थराला हात घालेपर्यंत एप्रिल उजाडला आणि आपल्याकडच्या एप्रिलबद्दल तुला काय सांगावे. दुपारी रंग नळीतून निघून पृष्ठभागावर पोहोचण्याआधी हवेतच वाळतो आणि धुळीसारखा खरखरीत बसतो. शेपटीच्या एका बाजूवर मी हे भोगले. कूलर लावावा, तर त्याच्या बाष्पाचे बारीक थेंब रंगावर येतात. म्हणून मग पहाटे साडेचारला उठून, सूर्य वर येईपर्यंतच काम करायचे असा नेम धरला. रंगात वाळणे लांबवणारे द्रावण थोडे घातले, हवेचा दाब पंधरा पौंडांच्या आसपास ठेवला आणि एका वेळी एकच पातळ फिरकी मारली. एकदा अर्ध्या पंखावर असताना लाइन गेली. कॉम्प्रेसरच्या छोट्या टाकीत उरलेल्या हवेवर मी पंखाची कड तेवढी पुरी करू शकलो. पाच मिनिटांचा तो वेळ माझ्या फार लक्षात राहिला आहे.

एक गोष्ट मी जाणूनबुजून केली, ती तुला आवडणार नाही कदाचित. बहुतेक लोक उघड्या धातूचे विमान म्हटले, की ते स्टीलच्या नव्या ताटासारखे चमकवतात. खरी विमाने धावपट्टीवर ऊन-पावसात उभी असतात आणि त्यांचा पत्रा मळकट, शांत चंदेरी असतो. मी मूळ रंगावर पत्र्यांचे वेगवेगळे चौकोन टेप लावून झाकले आणि काहींत थोडा गडद, काहींत थोडा राखाडी रंग दिला. टेप आधी तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घेतला, नाहीतर खालचा रंग तिच्याबरोबर निघून येतो. शेपटीकडे इंजिनाच्या उष्णतेने रंगलेला भाग गडद स्टीलचा, त्यावर निळसर आणि तपकिरी छटा, अगदी फुंकरीएवढी. नाकाचा शंकू गडद हिरवा आहे, कारण त्याच्या आत रडार असते आणि तो धातूचा नसतो.

पोटाखाली जीपी-९ ही बाहेरून जोडायची तोफेची पेटी बसवली. मी निवडलेला प्रकार मिग-२१ एफएल आहे आणि त्याला अंगची तोफ नव्हती, फक्त दोन क्षेपणास्त्रे. १९६५ च्या युद्धाचा धडा घेऊन आपल्याकडे ही २३ मिलिमीटरच्या दुनळी तोफेची पेटी पोटाखाली बसवण्यात आली, आणि १९७१ च्या डिसेंबरात, १२ तारखेला, कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भरत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर अशाच तोफेने पाडले. मामा तेव्हा ओझरला नव्हते, ते नंतर लागले, पण हे सांगताना ते नेहमी पोटाखाली हात नेऊन दाखवत, म्हणून ही पेटी मी टाळूच शकत नव्हतो.

पाण्यात भिजवून सरकवायची चित्रे मी मे महिन्यात लावली. उन्हाळ्यात ती हातातच वाळतात, म्हणून ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर थांबवून घेतली. खाली चकचकीत थर नसेल, तर त्यांच्याखाली हवा अडकते आणि पांढरट झाक येते. ही झाक चंदेरी रंगावर आली, तर सगळे वाया गेले असते. शेपटीवरचा सी अक्षराने सुरू होणारा क्रमांक सरळ बसायला एक तास लागला. केशरी, पांढरा आणि हिरवा, हा पंखावरचा गोल मात्र पहिल्याच प्रयत्नात जागेवर बसला. नवतप्याच्या आत शेवटचा पारदर्शक थर दिला, कारण पावसाची दमट हवा सुरू झाली, की या वॉर्निशवर पांढरट दुधी ढग येतो. परवाची सर पडली, तेव्हा विमान आधीच कपाटात काचेमागे होते.

आता फक्त काच राहिली आहे, वैमानिकाच्या डोक्यावरची. ती जलद चिकटणाऱ्या डिंकाने लावली, तर त्या डिंकाच्या वाफेने आतून धुरकट होते, म्हणून फेविकॉल लावायचे आहे, आगकाडीच्या टोकाने, कडेकडेने, थेंबाथेंबाने. हे काम मी केलेले नाही. पेरणी आटोपली, की आषाढात मी नाशिकला येतो. विमान कापसाच्याच गादीत बांधून, गाडीत मांडीवर धरून आणीन. मामांना आधी बोट फिरवून पाहू दे, शेपटीच्या मुळाशीसुद्धा, आणि मग ती काच त्यांनीच बसवावी. त्यांच्या हाताला कंप आहे असे तू म्हणालास. आगकाडी मी धरीन, त्यांनी काच ठेवावी.

वहिनींना नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र